यावल-पाल साइडला गावांमुळे जंगल वाचतं का संपतं? अनुभव असलेल्यांनीच सांगा

केळीवाला_फैजपूर

राम राम मंडळी. मी फैजपूरचा, घरची केळी, त्यामुळे सातपुडा रोज डोळ्यासमोर पण आत जाणं व्हायचं ते मनुदेवीला नाहीतर पालला, डबा खायचा आणि परत. आता काही वर्षांपासून आमचा एक ग्रुप जमलाय, पक्षी बघायला जातो, उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसतो. तर ग्रुपवर गेल्या आठवड्यात अशी जुंपली की विचारू नका. एक जण म्हणे यावल अभयारण्य १९६९ ला जाहीर झालं, पावणेदोनशे चौरस किलोमीटर कागदावर आहे आणि आत जाऊन बघावं तर कुठे कुठे सरळ ज्वारी-मका उभा, मग गावं बाहेर काढल्याशिवाय काय वाचणार आहे. दुसरा म्हणे गावं काढ, मग मार्चमध्ये वणवा लागला की तू फैजपूरहून बादली घेऊन ये. तिथून जे सुरू झालं ते दोघं ग्रुप सोडून गेले.

मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, हाच प्रॉब्लेम आहे. आम्ही बाहेरचे, आम्हाला सकाळी सहा ते नऊ जंगल दिसतं. जे तिथे राहतात, ज्यांनी नोकरी केली, ज्यांचे वनजमिनीचे दावे पडून आहेत त्यांनी सांगा, गावाचा जंगलावर नेमका काय परिणाम होतो? आणि आमच्यासारख्या ग्रुपने कुठे हात लावावा, का गप घरी बसावं? यावलच पाहिजे असं नाही, अनेर, तोरणमाळ, पाटणादेवी, कुठलंही चालेल.

रिटायर_वनपाल

केळीवाले भाऊ, प्रश्न चांगला आहे पण "गाव" म्हणजे एक माणूस नाही हे आधी डोक्यात घ्या. माझी सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला आणि वर गेली. एकाच पाड्यावर एक घर असं असतं की तिथला पोरगा रात्री सागवान तोडायला जातो, आणि त्याच्या शेजारचा माणूस येऊन हळूच सांगून जातो की साहेब आज त्या नाल्यात बसा. मी जेवढा माल पकडला त्यातला बहुतेक असा टिप वर पकडला, गस्त घालून फार कमी. एका गार्डकडे एवढा मोठा बीट, म्हणजे गस्तीचा भाग, असतो की तो या टोकाला असला की त्या टोकाला करवत चालते, आणि पलीकडे एमपीची हद्द, डोंगर उतरला की माल बडवानी नाहीतर खरगोनकडे. गावातला माणूस बोलला नाही तर खात्याला काही दिसत नाही, सरळ गोष्ट.

पण टिप देणाऱ्याचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही. त्याचं नाव फुटलं की बाजारात, लग्नात, पाण्यावर त्याला लोक सोडत नाहीत. म्हणून तो दुसऱ्यांदा येत नाही. एका ठिकाणी असं झालेलं मला माहिती आहे, त्यानंतर त्या साइडने आम्हाला वर्षभर कोणी साधं पाणी विचारलं नाही.

वणव्याचं तुमच्या मित्राने बरोबर सांगितलं. थंडी संपता संपता जाळरेषा काढतात, तिथला पाला आधीच जाळून पट्टा मोकळा करतात म्हणजे आग ओलांडत नाही. हे काम आणि नंतर फायर वॉचरचं काम, दोन्ही पाड्यावरची पोरं करतात. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात, दुसरं काही नसतं हातात, वरून खाली दगड गरम झालेले. मजुरी लवकर मिळाली तर पुढच्या वर्षी पोरं धावतात, लांबली तर आग लागल्यावर फोन उचलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. आणि हेही सांगतो, जी आग ते विझवतात ती बऱ्याच वेळा लागलेली पण मोहाच्या फुलांसाठीच असते. मोहाखाली पाला साफ करायला काडी टाकली आणि वारा सुटला, झालं.

वाघोबा_फॅन

मी ग्रुप सोडलेला पहिला तो 😄 इथेही सापडलात. वनपाल काका तुमचा मान ठेवून बोलतो, पण तुम्हीच सांगताय की तोडणारापण गावातला, आग लावणारापण गावातला. मग? वाघ यावलमध्ये स्थिर का राहत नाही, मेळघाटकडून येतो आणि पुढे जातो. खायला हरीण-सांबर नाही, पाणी जिथे आहे तिथे गुरं. माणसं वाढताहेत, शेळ्या वाढताहेत, जंगल काही वाढत नाही. भावनिक बोलून काय होणार भो. पुनर्वसन चांगलं द्या, जमीन द्या, पैसे द्या, पण जंगल मोकळं करा.

पावरा_मास्तर

वाघोबा भाऊ, मी सातपुड्यातला पावरा आदिवासी आहे, आश्रमशाळेत शिकवतो. जंगलातल्या ज्या शेतीला लोक "अतिक्रमण" म्हणतात त्याला आमच्याकडे नेवाड म्हणतात. रागावत नाही, फक्त त्यामागचं गणित सांगतो जे रस्त्यावरून दिसत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जमीन कसत होता आणि त्यावरच पोट होतं, त्याला हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टर. आणि त्या कायद्यातच लिहिलंय की वनजमीन म्हणजे अभयारण्यातलीपण धरायची. म्हणजे यावलमध्ये कसतो म्हणून कोणी आपोआप चोर होत नाही, त्याचा दावा तपासावा लागतो. ग्रामसभा ठराव करते, मग प्रांताकडची समिती, मग जिल्हा समिती. आता हे दावे वर्षानुवर्षं लटकलेले असतात, कधी नामंजूर, कधी फेरतपासणी, कधी मंजूर झाला ४ एकराचा आणि सातबाऱ्याला काही लागत नाही. ज्याचा दावा लटकलाय तो काय करतो? तो दरवर्षी नांगर घालतो. उतार आहे, माती वाहून जाते, पीक येतं तेवढंच, तरी घालतो, कारण पडीक ठेवलं तर उद्या मोजणीला आलेला माणूस म्हणेल इथे तर झुडपं आहेत, तू कुठे कसतो. म्हणजे जंगल परत येऊ द्यायचं नाही हीच त्याची जमीन टिकवायची पद्धत होऊन बसली. ज्यांना पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला त्यांच्यातले कितीतरी जण बांधावर आंबा लावतात, सीताफळ लावतात, कडेची झाडं ठेवतात. हे मी माझ्या शाळेच्या पोरांच्या घरी जाऊन बघितलंय.

आता दुसरी बाजूपण मीच सांगतो म्हणजे कोणी म्हणायला नको. २००५ नंतर नवीन तोड झाली नाही का? झाली. "आत्ता कापून ठेवा, पुढे तारीख वाढेल" असं सांगून पैसे खाणारे एजंट फिरले आणि त्यातले काही आमच्यातलेच होते. जुना नेवाडवाला आणि नवीन तोडणारा यांना एकाच पोत्यात भरलं की जुना माणूस नव्याला अडवत नाही, उलट दोघं एक होतात. निकाल लवकर लागला असता तर जुन्यानेच नव्याला हाकललं असतं, कारण मग ते त्याच्या हद्दीवर आलं असतं.

आणि पुनर्वसनाचं म्हणाल तर तेपण त्याच कायद्यात आहे, आधी सगळे हक्क निकाली काढा, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या. कोणाला जायचंय त्याला जाऊ द्या. आमच्या तापीकाठच्या, नर्मदाकाठच्या लोकांनी धरणाची पुनर्वसनं बघितली आहेत, म्हणून "चांगलं देऊ" यावर लगेच कोणी सही करत नाही.

रानवाट_नंदुरबार

मास्तर, १००% . मी मात्र जरा वेगळ्या बाजूने बोलतो कारण मी पक्ष्यांवाला.

वाघ सोडा क्षणभर, खान्देशची खरी शान म्हणजे रानपिंगळा, छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा पक्का पुरावा कोणाकडे नव्हता, संपला असं धरून चालले होते, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तो आपल्या शहाद्याजवळ परत सापडला, पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना. शंभरच्या वर वर्षं! आता गंमत बघा, तो सापडला ते काही घनदाट अस्पर्श जंगल नव्हतं. विरळ साग, मध्ये मोकळी जागा, गुरं चरणारी, बाजूला शेतं. हा पिंगळा दिवसा शिकार करतो, सरडे, उंदीर, त्याला थोडं उघडं रान चालतं. त्यामुळे "माणूस आला की जंगल गेलं" हे या पक्ष्याला तरी लागू होत नाही.

पण त्याला एक गोष्ट लागतेच लागते, जुनं जाडं झाड आणि त्यात ढोली. आणि गाव सरपणाला आधी काय नेतं? वठलेलं, पोखरलेलं झाड. वनखात्याच्या जुन्या पद्धतीतपण असली झाडं "निकामी" म्हणून काढायचे. कोणी हिरवं झाड तोडलं नाही म्हणून सगळे खूश आणि पिंगळ्याचं घर चुलीत. त्यात पोरांच्या गलोली, आणि घुबडाबद्दल जादूटोण्याच्या ज्या समजुती आहेत त्यापायी अंडी-पिल्लं नेणं. हे कायद्याने थांबत नाही, कारण तिथे बघायला कोणी नसतं. ज्या पाड्यावर चार पोरांना ढोली कुठल्या झाडाला आहे ते माहिती आणि "आपला पक्षी बघायला लांबून लोक येतात" हे माहिती, तिथे ते झाड उभं राहतं. केळीवाले भाऊ, तुमच्या ग्रुपने वाटाड्या नेताना पाड्यावरचा नेत जा आणि पैसे द्या, चहा पाजून परत पाठवू नका. फोटो टाकताना ढोलीचं लोकेशन मात्र टाकू नका, हात जोडून सांगतो.

वाघोबा_फॅनच्या एका मुद्द्याला मी पाठिंबा देतो, चराई. पण त्यात फक्त पाड्याची गुरं नसतात. खालून मोठ्या शेतकऱ्यांची भाकड गुरं वर सोडलेली असतात, पावसाळ्यानंतर काठेवाडींचे कळप येतात, मेंढरं येतात. त्यांचं पण पोट आहे, पिढ्यान् पिढ्यांची वाट आहे त्यांची, मी त्यांना शत्रू म्हणत नाही. पण बिल सगळं आदिवासी पाड्याच्या नावावर फाटतं.

साक्रीची_ताई

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलू का 😀

मी बचतगटाचं काम करते, साक्री तालुका. आमच्याकडे बारीपाडा आहे, चैत्राम पवार दादांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ते गाव. नव्वदच्या दशकात तिथला डोंगर उघडा पडलेला, बायकांना पाणी लांबून आणावं लागायचं. मग गावाने स्वतः नियम केले, तोडलं तर दंड, राखणदार गावानेच नेमले, आणि आता चारशे हेक्टरच्या वर जंगल आहे, विहिरींना पाणी, दोन पिकं. दरवर्षी वनभाजीची स्पर्धा भरवतात, बाया टोपल्यात भाज्या शिजवून आणतात, कितीतरी भाज्यांची नावं तर मलाही माहिती नव्हती. परीक्षक येतात आणि विचारतात ही कुठे उगवते, कधी खुडायची, मग आजी उभी राहून सांगते आणि सून ऐकते. ते बघण्यासारखं असतं. कारण जी भाजी ओळखली जाते त्या जागेला कोणी काडी लावत नाही.

आता लोक बस भरून बारीपाडा बघायला येतात आणि म्हणतात आमच्याकडेपण असं करू. होत नाही. कारण तिथे नियम गावाने केले, दंड गावात राहतो, आणि नियम मोडणारा सरपंचाचा भाऊ असला तरी दंड. बाकी ठिकाणी वन समितीचा बोर्ड असतो, अध्यक्षाला विचारलं शेवटची मीटिंग कधी, तर तो बायकोकडे बघतो.

आणि सरपणाचं सांगते. मोळी कोण आणतं? बाई. समितीत कोण बसतं? दादा लोक. त्यांनी ठरवलं अमुक डोंगर बंद. झालं, ठराव पास, टाळ्या. दुसऱ्या दिवशी तीच बाई दोन डोंगर पलीकडे, दुसऱ्या गावाच्या जंगलात, आणि तिथे भांडण. गॅस मिळाला सगळ्यांना, पण रिफिलचे पैसे कापूस विकल्यावर असतात, आषाढात नसतात. टाकी कोपऱ्यात, वर पोरांचं दप्तर. म्हणून आम्ही एका पाड्यावर आधी बायांना विचारलं की कुठला डोंगर बंद केला तर चालेल. त्यांनी वेगळाच सांगितला, पुरुषांनी ठरवलेला नाही. तो अजून बंद आहे.

मोहाचं पण. वनपाल काका बरोबर बोलले पण अर्धं. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात नाहीतर गुरं, अस्वल, शेजारीण कोणीतरी नेतं. पाल्यात पडलेलं फूल एक एक शोधायला लागतं, कंबर जाते. म्हणून काडी. आम्ही काय केलं, जुन्या साड्या जोडून शिवल्या आणि झाडाखाली चार खुंट्यांना बांधल्या, थोड्या उंच, मधे झोळ. फूल वर पडतं, माती लागत नाही, वाळवलेलं साफ दिसतं म्हणून व्यापारीपण भाव जरा बरा देतो. जिथे झाड उतारावर आहे तिथे साडी जमत नाही, तिथे खराट्याने झाडून पाला गोल ढीग करून ठेवायचा. एवढंच. पण प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात, हे माझं ते तुझं, म्हणून लोकांनी केलं. झाड कोणाचंच नसतं तर कोणी साडी बांधली नसती.

केळीवाला_फैजपूर

ताई हे भारी आहे. साडीची आयडिया आमच्याकडे कोणी सांगितलीच नाही, आमच्याकडे फक्त "वणवा लावू नका" असे बोर्ड लागतात.

एक विचारू, बारीपाडा हे अभयारण्य नाही ना? साधं वनखात्याचं जंगल? मग यावलला तसं करता येईल का, तिथे कायदा वेगळा.

पावरा_मास्तर

बरोबर पकडलं. बारीपाडा अभयारण्य नाही, तिथे संयुक्त वन व्यवस्थापनातून, म्हणजे वनखातं आणि गाव मिळून जंगल राखतात त्यातून, सुरू झालं. अभयारण्यात वन्यजीव कायदा १९७२ चा, तो कडक, पाला-फूल उचलायलापण परवानगीचा प्रश्न येतो. पण सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क, अभयारण्यातपण मागता येतो, आणि तो मिळाला की ग्रामसभेला जंगल राखायचा, नासधूस थांबवायचा अधिकार कायद्याने येतो, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ ला मिळाला, तो अभयारण्यातला नाही पण सामूहिक हक्काचं काम कसं चालतं ते तिथे बघा. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नकाशा काढणारं, जीपीएस चालवणारं असेल तर तिथे मदत करा. आमची बहुतेक गावं नकाशातच अडकतात, हद्द कुठल्या नाल्यापर्यंत हे म्हाताऱ्याला तोंडपाठ आणि कागदावर कोणाला मांडता येत नाही. म्हाताऱ्यांचा जबाबपण पुरावा धरतात, पण तो लिहून तर पाहिजे.

आप्पा_मुक्ताईनगर

उशिरा आलो. सगळं वाचलं. आमच्याकडची गोष्ट कोणी काढली नाही म्हणून सांगतो. मुक्ताई-भवानी २०१४ ला संवर्धन राखीव झालं, सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. हे अभयारण्यापेक्षा वेगळं असतं, याच्या समितीत कायद्यानेच ग्रामपंचायतीचा माणूस घ्यावा लागतो. वाघाचा रस्ता आहे हा, मेळघाटकडून यावल, अनेरकडे जायचा. आणि हा रस्ता केळीतून जातो बरं का! केळीत गारवा, पाणी, रानडुक्कर, वाघाला अजून काय पाहिजे. शेतकऱ्याला वाघाचा त्रास कमी, डुकराचा जास्त. वाघ आहे तर डुक्कर कमी, असं म्हणणारे म्हातारे आमच्याकडे आहेत.

भीती कशाची सांगू का? डुकरासाठी सोडलेल्या करंटच्या तारेची. आणि गाय मारली की मढ्यावर विष टाकायची. दोन्ही आमच्याच लोकांच्या हातात आहे, कोणा गार्डच्या नाही. गाय मेली आणि पंचनाम्याला माणूस लगेच आला, पैसे हातात पडले, तर कोणी विष टाकत नाही. माणूस आलाच नाही, गाय तशीच सडली, तर मग रागात माणूस काहीही करतो. म्हणून आमच्याकडे काही पोरं एवढंच काम करतात, गाय मारल्याचं कळलं की गाडीला किक मारायची, फोटो काढायचे, जनावर हलवू द्यायचं नाही, खात्याला फोन, अर्ज भरून द्यायचा. शेतकऱ्याला अर्ज लिहिता येत नाही हा अर्धा प्रॉब्लेम असतो. वाघोबा_फॅन, तुमचं वाघावर खरंच प्रेम असेल तर या, अर्ज लिहायला माणूस कमी आहे.

वाघोबा_फॅन

आप्पा टोमणा पोचला 😅 अर्ज लिहायला येतो, अक्षर चांगलं आहे माझं. पण माझं मत अजून तेच आहे, कुठेतरी थोडा भाग असा पाहिजे जिथे कोणाचीच गुरं नाहीत. सगळीकडे नाही, थोडा.

साक्रीची_ताई

त्याला नाही कोण म्हणतंय दादा. फक्त कुठला ते पाड्यावर बसून ठरवा. आणि बायांना बोलवा.

रिटायर_वनपाल

केळीवाले, यायचं असेल तर मोहाचा सीझन सुरू व्हायच्या आत एक चक्कर टाकू. जुन्या साड्या जमवा, फैजपुरात घरोघरी निघतील. आणि दोन मित्रांना परत ग्रुपवर घ्या.

केळीवाला_फैजपूर

हाव काका. एक तर इथेच आहे, दुसऱ्याला फोन लावतो. साड्या सुती पाहिजेत का कुठल्याही चालतील?

साक्रीची_ताई

नायलॉनच्याच आणा, दवाने भिजून लवकर सडत नाहीत. टिकल्या-जर असलेल्या नको, फुलात अडकतात.